पाळीवर बसायला कुठं जावं?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं तलावांचीच निघाली. तसं दरवर्षीच होतं. दिवाळीचा फराळ संपला, पेटीतले स्वेटर बाहेर आले की नागपूरचा माणूस घरात टिकत नाही. मे महिन्यात हाच माणूस कूलरसमोरून हलत नसतो, तेव्हाचं सगळं तो आता वसूल करतो.

प्रश्न : आम्ही गेल्या जूनमध्ये पुण्याहून मनीषनगरला राहायला आलो. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. इथं ज्याला विचारावं तो ‘फुटाळ्याला जा’ म्हणतो. एका रविवारी संध्याकाळी गेलो, तर गर्दी, हॉर्न आणि भाजक्या कणसांचा धूर. तलाव दिसलाच नाही. अर्धा दिवस मोकळ्या हवेत काढता येईल अशी जागा सुचवा. गाडी बहुतेक रविवारी यांच्यासोबत ड्यूटीवर जाते.
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, जागा नाही चुकली, वेळ चुकली. रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर तलाव पाहायला कोण जातं बाप्पा? लोक लोकांना पाहायला जातात. तोच फुटाळा एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी साडेसहाला पाहा. भोसल्यांच्या काळातला हा तलाव, तेलंगखेडीचा तलाव म्हणून जुन्या लोकांना ठाऊक. चौपाटीची बाजू सोडली तर भोवती अजून झाडी आहे. सकाळी ती दिसते, संध्याकाळी तिच्याकडे सगळ्यांची पाठ असते.

पण सासूबाईंना न्यायचं तर मी अंबाझरी तलावच सांगेन, आणि तेही मेट्रोनं. उज्ज्वलनगरला बसा, सीताबर्डीला गाडी बदला, लोकमान्यनगरकडे जाणारी घ्या आणि सुभाषनगरला उतरा. स्टेशनात लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. धरमपेठ कॉलेज स्टेशन गेलं की सासूबाईंना उजव्या हाताच्या खिडकीशी बसवा. तिथून तलाव असा काही पसरलेला दिसतो की माझी बहीण पहिल्यांदा आली तेव्हा उतरायचंच विसरली. परतीच्या गाडीनं मागे यावं लागलं, पण तलाव दुसऱ्यांदा पाहायला मिळाला म्हणून ती खूश.

आता माझा एक दोष सांगून टाकतो. मी जन्मभर पाणीपुरवठ्याच्या नकाशांवर रेघा ओढल्या. ड्राफ्ट्समन होतो. त्यामुळे तलाव म्हटला की मला आधी पाणी दिसत नाही, पाळ दिसते, म्हणजे पाणी अडवणारा बांध. आपल्याकडचे हे तलाव काही आपोआप साचलेले नाहीत. नाल्यावर मातीची पाळ घालायची, पाण्याच्या अंगाला दगड लावायचा, जादा पाणी निघून जायला एका कडेला सांडवा ठेवायचा, असं त्यांचं बांधकाम. दीडशे वर्षांपूर्वी नागपूर अंबाझरीचं पाणी पीत होतं. शहर वाढलं तसा १९१२ साली गोरेवाडा तलाव बांधला. आज आपल्या नळाला मुख्यतः पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, पण पेंचचं बरंचसं पाणी शुद्ध होतं ते गोरेवाड्यालाच. म्हणून म्हणतो, तलाव पाहायचा तर पाळीवरून पाहावा. तो बांधणाऱ्याची जागा तीच.

अंबाझरीची पाळ तलावाच्या पूर्वेला, शहराच्या बाजूनं आहे. सकाळी तिथं उभं राहिलं की ऊन पाठीवर येतं आणि समोरचं पाणी, पलीकडचा काठ, पाण्यावरचे पक्षी लख्ख दिसतात. संध्याकाळी ऊन डोळ्यांत, पण मावळतीचे रंग पाण्यात. लहान मुलं सोबत असताना मी सकाळ निवडीन; संध्याकाळी मुलं पेंगतात आणि डास जागे होतात. पाळीपर्यंत चढणं सासूबाईंना नाही झेपलं तर हट्ट करू नका. घडीची खुर्ची किंवा चटई न्या, खाली झाडाखाली बसवा. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी. तर्री पोहे येताना खा, जाताना नको. तर्री खाल्ल्यावर माणूस चालत नाही, पाणी शोधतो.

एखाद्या वर्षी पाण्यावर हिरवा गालिचा दिसेल. मुलं म्हणतील, किती छान! ती जलपर्णी. सांडपाण्यातल्या खतावर पोसते आणि खालच्या पाण्याचा उजेड अडवते. नऊ वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं, सांगून पाहा.

तलावाच्या मागच्या अंगाला वनविभागाचं जैवविविधता उद्यान आहे, साडेसातशे हेक्टरांच्या घरात. भाड्यानं सायकली मिळतात. थोरला रमेल. तिथलं गवत पाहून ‘इथं तर काही झाडंच नाहीत’ म्हणणारे मला भेटतात. अहो, गवताळ रान म्हणजे उजाड रान नव्हे. तिथं नुसतं उभं राहून कान द्या, मोर किती आहेत ते कळेल.

गोरेवाड्याचं प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. बसमधून सफारी असते, वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं यांच्या जागा वेगवेगळ्या. बसून पाहायचं असल्यानं आजींना सोयीचं. तिकीट आणि सुटीचा वार आधी पाहून जा. महाराजबागही मुलांना दाखवा. १८९४ पासूनचं प्राणिसंग्रहालय आहे आणि सीताबर्डीहून जवळ. तिथं मला स्वतःला पिंजऱ्यांपेक्षा जुनी झाडं आवडतात.

आणि ज्या दिवशी गाडी घरी असेल त्या दिवशी रामटेककडे निघा, पन्नासेक किलोमीटर. खिंडसी तलावात बोटिंग होतं. डोंगरांच्या कुशीत पाणी आहे, नागपूरच्या सपाटीवरून आलेल्याला एकदम बरं वाटतं. बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे बांधल्याशिवाय कोणी बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा काढायचं नाही. मग गडमंदिर. तिथल्या वानरांपुढं डबा उघडू नका. आमच्या सौभाग्यवतींनी उघडला. वानरानं दशम्या घेतल्या, चटणी हुंगून परत ठेवली. तेव्हापासून घरात चटणीचा विषय काढायची मला बंदी आहे.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा. मित्रांसोबत गाड्या काढून शहराबाहेरच्या तलावांवर जातो, पोहतो. मला मागाहून व्हिडिओत कळलं. ‘मला पोहता येतं’ एवढंच उत्तर देतो. रागावून उपयोग होऊन नाही राहिला.
— एक आई, हिंगणा रोड

उत्तर : रागावू नका, त्याला तलाव आतून कसा असतो ते सांगा. पोट्ट्यांना भीती घातलेली चालत नाही, पण गोष्ट पटली तर ती मानतात.

जलतरण तलावाला फरशीचा तळ असतो. आपल्या तलावाला गाळाचा. पाय टेकला की घोट्यापर्यंत जातो, उपसायला गेलं की दुसरा पाय जातो. शिवाय उन्हाळ्यात तळ उघडा पडतो तेव्हा मुरूम आणि गाळ खोदून नेतात. खड्डे तसेच राहतात. पावसाळ्यात सगळं सपाट पाण्याखाली. कमरेएवढ्या पाण्यात चालणारा पोरगा पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात. तिसरी गोष्ट पाळीचा दगड. आतल्या उतारावरचं शेवाळ ओलं असलं की उतरायला सोपं आणि चढायला अशक्य. चौथी, जलपर्णीची मुळं आणि कोणीतरी सोडलेली मासेमारीची जाळी.

मी स्वतः पंधराव्या वर्षी गावच्या तळ्यात असा अडकलो होतो. पोहता उत्तम येत होतं. गुराख्यानं काठावरून म्हशीचा दोर फेकला म्हणून हे उत्तर लिहून राहिलो आहे. त्यानं पाण्यात उडी घेतली असती तर दोघं गेलो असतो. मुलाला हे मात्र पक्कं सांगा : मित्र बुडत असेल तर मागोमाग उडी घ्यायची नाही. दोर, ओढणी, एकात एक बांधलेले शर्ट, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते फेकायचं, आरडाओरडा करायचा, ११२ लावायचा. घोळक्यात एकामागून एक तिघं-चौघं जातात ते असेच.

पावसाळ्यात तर सांडव्याजवळ उभंसुद्धा राहू नये. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काय झालं ते आपण पाहिलं आहे. काही तासांचा पाऊस, अंबाझरी भरून वाहिली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या घरात पाणी. त्याच सांडव्यावर एरवी आपण ‘ओव्हरफ्लो पाहायला’ भजी घेऊन जातो. मीही जायचो. आता लांबून पाहतो.

मुलाला पोहायची हौस आहे ना? मग त्याला प्रशिक्षक असलेल्या जलतरण तलावावर घाला आणि जीवरक्षकाचं शिक्षण घ्यायला सांगा. सतराव्या वर्षी जबाबदारी दिलेली आवडते.

प्रश्न : वडिलांची जुनी दुर्बीण सापडली. हिवाळ्यात आपल्या भागात पाहुणे पक्षी येतात म्हणतात. कुठं, कधी, आणि ओळखायचे कसे?
— एक वाचक, उमरेड रोड

उत्तर : तुम्ही तर दारातच राहता! उमरेडच्या वाटेवर सायकी आणि पारडगावचे तलाव पक्षी पाहणाऱ्यांचे लाडके. तिथं पट्टकदंब येतात, हिमालय ओलांडून. ओळख सोपी : पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. दिवसा पाण्याकाठी विसावतात, अंधारात शेतात चरायला जातात. त्यामुळे ज्याचा गहू-हरभरा आहे त्या शेतकऱ्यापुढं त्यांचं फार कौतुक करू नका. चक्रवाकही दिसतील, नारिंगी-बदामी, बहुधा जोडीनं. काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले थव्यानं तरंगतात ते वारकरी. टिळ्यावरून नाव पडलं असावं असं आपलं मला वाटतं.

सुरुवात मात्र टिबुकलीपासून करा. बारमाही आहे, छोट्या डबक्यातही असते. बुडी मारली की कुठं वर येईल ते ओळखायचा खेळ खेळा, दुर्बीण धरायचा हात बसतो. खाकी किंवा मातकट कपडे, मोबाइल मुका, सूर्य पाठीशी. पाव-चिवडा फेकू नका. थवा मान वर करून तुमच्याकडे पाहायला लागला तर तुम्ही जास्त जवळ गेलात, दहा पावलं मागे या.

डिसेंबर, जानेवारी उत्तम. मार्च लागला की पट्टकदंब उत्तरेकडे निघतात. आणि दुर्बिणीच्या काचांना आतून बुरशी असेल तर आधी साफ करून घ्या. मी एकदा अर्धा तास एक करडा पक्षी पाहत होतो, तो माझ्या भिंगावरचा डाग निघाला.