पाटीच्या शीटचा ड्रमसेट टिकतो का हो?

प्रश्न : नमस्कार दादा, माझा पोरगा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. त्याला एक जुना ॲक्रिलिकचा सेट मिळतोय, नारंगी, आरपार दिसणारा. त्याच्या बाबांचं रेडियम आणि पाट्यांचं दुकान आहे, ते म्हणतात ही तर आपल्या पाटीचीच शीट, भोक पाडताना तडकते, ती मार काय सोसणार. पोरगं म्हणतंय त्या बोनम नावाच्या ड्रमरसारखा आवाज येतो. काय करू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, बाबांनी माल बरोबर ओळखला, शीट तीच. पण काठी शेलवर, म्हणजे ड्रमच्या गोल अंगावर, पडतच नाही ना, मार खातं ते वरचं हेड, म्हणजे ताणून बसवलेला पडदा, शेल फक्त ताण धरून उभं असतं.

हे काही नवं फॅड नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बिल झिकोसने 1950 च्या दशकाच्या शेवटाला असे ड्रम करायला घेतले, पुढे आयर्न बटरफ्लाय या रॉक बँडचा रॉन बुशी त्याचेच ड्रम वाजवायचा. मग 1972 ला लुडविग या ड्रम कंपनीने व्हिस्टालाइट नावाचे ॲक्रिलिक ड्रम आणले, एकेका ड्रमवर तीन-तीन रंगांचे पट्टे, आपल्या चादरीला लाज वाटेल असले! आणि 1973 च्या दौऱ्यात लेड झेपलिन या रॉक बँडच्या जॉन बोनमने नारंगी सेट मांडला, बेस ड्रम 26 इंची, तेव्हापासून तो रंगच त्याच्या नावावर झाला.

पण पोराला एक सांगा, बोनमचं ज्या रेकॉर्डिंगनी नाव झालं त्यातली बरीचशी या सेटच्या आधीची आहेत, लाकडी ड्रमवरची. आवाज मोठ्या मापाचा, हेडचा, ट्युनिंगचा आणि मुख्य म्हणजे त्याच्या हाताचा. ॲक्रिलिक दणदणीत वाजतं हे खरं, लाकडाची ऊब जरा कमी. मग लोक घेतात कशाला, तर दिसण्यासाठी, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. ड्रमवाला बिचारा कायम मागे झाकलेला, इथे स्टेजचा लाइट शेलमधून आरपार जातो, पेडलवरचा पाय दिसतो, बीटर आपटताना दिसतो. नाहीतरी हल्ली अर्धे ऑर्केस्ट्रे ऑक्टोपॅडवरच (इलेक्ट्रॉनिक पॅडवर) भागवतात, तिथे बघायला असतं काय?

जुना घेताय तर जोड बघा. पूर्वी शीट गरम करून गोल वाकवायचे आणि उभी शिवण चिकटवायचे, तीच पहिली सुटते (आता बिनजोड शेलही मिळतात). उजेडात धरून शिवणीला आणि लगच्या (हेड आवळायचे स्क्रू ज्यात बसतात त्या तुकड्यांच्या) भोकांभोवती केसासारखी चीर आहे का पाहायचं, असली तर सौदा सोडा, ती वाढत जाते. कडेवरून बोट फिरवा, खडबडीत लागली तर ट्युनिंगला वैताग येईल. वजन लाकडापेक्षा जास्त भरतं, टेम्पोत चढवणारा कुरकुरेल. मे महिन्यात वितळणार नाही, पण पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत दुपारभर ठेवू नका, ॲक्रिलिक तापलं की लाकडापेक्षा जास्त फुगतं आणि आवळलेल्या स्क्रूपाशी ताण येतो. पुसायला काचेचा स्प्रे नको, त्यातल्या अमोनिया-अल्कोहोलने बारीक जाळी पडते, साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बास.

आणि सेट बघायला जाताना बाबांना न्याच, शिवणीतली चीर त्यांना पोराआधी दिसेल.