घरी एकच कॉम्प्युटर आहे, मुलीचा अभ्यास आणि शेतीचे फॉर्म त्यावरच चालतात. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती, टाकून बघू का?

बघा, जरूर बघा. फक्त ज्या डिस्कवर घरचं सगळं आहे, तिच्यावर टाकू नका. मुलीचा अभ्यास आणि शेतीचे फॉर्म त्याच डेस्कटॉपवर चालतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधी सांगतो.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पहिल्यांदा हा प्रयोग मी घरच्या एकुलत्या एका हार्ड डिस्कवर केला होता. मे महिन्यातली दुपार, बाजूला कूलर सुरू, अपडेट अर्ध्यावर आलं आणि लाईन गेली. यूपीएस नव्हता. लाईन आल्यावर काळ्या पडद्यावर नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बऱ्याच फायली काढता आल्या, पण बाबांनी तीन हंगाम लिहून ठेवलेला कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब गेला तो गेलाच. बॅकअप मी घेतलेला नव्हता. तुम्ही आजच घ्या.

सुरुवात उबुंटूने करा असं मी म्हणेन; ही विंडोजसारखीच दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टीम. तिची नवी आवृत्ती दरवर्षी एप्रिलात आणि ऑक्टोबरात येते (२४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल) आणि बीटा त्याआधी काही आठवडे. फाइल ५-६ जीबीची असते, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चार दिवस धरा. मधेच थांबवून पुढे चालू करता येईल अशा डाउनलोडरनेच उतरवा आणि उतरली की एसएचए-२५६ (फाइल जशीच्या तशी उतरली का हे ओळखायचा, साइटवर दिलेला लांबलचक कोड) जुळवून बघाच. आपल्याकडच्या तुटक नेटवर फाइल खराब उतरते, मग इन्स्टॉल करताना भलत्याच एरर येतात आणि आपण बसतो बीटाला दोष देत. रुफस या सॉफ्टवेअरने ती १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यावर आधी जे असेल ते पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. मग कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करून 'ट्राय' निवडलं की सगळं पेनड्राइव्हवरूनच चालतं. कायमची टाकायची असेल तर छोटी वेगळी एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) घ्या आणि इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा.

विंडोजच्या चाचणी आवृत्त्या वापरून बघायला तिचा इनसायडर प्रोग्राम २०१४ पासून आहे. त्यातलं रिलीज प्रिव्ह्यू चॅनल सगळ्यांत कमी जोखमीचं. जास्त कच्च्या आवृत्त्यांच्या डेव्ह चॅनलमध्ये गेलात तर परतताना बहुधा सगळं पुसून नव्यानेच टाकावं लागतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. बीटा चालू झाली की पहिल्यांदा मराठी टाईप करून बघा. मी दरवेळी एकच ओळ लिहितो: 'वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची पऱ्हाटी'. यात तीनदा तो आडवा, पापणीसारखा र येतो. एका चाचणी आवृत्तीत त्याच्या जागी रफार उमटत होता, आपलं वऱ्हाड 'वर्हाड' झालं होतं. हिंदीत हा र लागत नाही, त्यामुळे हिंदी तपासणाऱ्याला ही चूक कधी दिसणारच नाही. ती आपल्यालाच दिसते, आणि सिस्टीम बाहेर पडायच्या आधी कळवली तर वेळेत दुरुस्त होऊ शकते. मी स्क्रीनशॉट काढला, काय टाईप केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं साध्या इंग्रजीत लिहून सिस्टीम बनवणाऱ्यांना पाठवलं. पुढच्या एका अपडेटनंतर वऱ्हाड नीट दिसलं, तेव्हा बाबांना हाक मारून दाखवलं.

आणि पीक विम्याची शेवटची तारीख किंवा मुलीची परीक्षा तोंडावर असेल, तर ते आटोपेपर्यंत पेनड्राइव्ह कपाटातच राहू द्या.