शेक्सपिअर शोधताय? आधी कागद बघा

चरित्रग्रंथ नंतर वाचा. सुरुवात शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावातल्या रिचर्ड क्विनीच्या पत्रापासून करा. २५ ऑक्टोबर १५९८ला लंडनमधल्या एका सराईतून त्यानं आपल्या गाववाल्याकडे, म्हणजे शेक्सपिअरकडे, ३० पौंड उसने मागितले. शेक्सपिअरच्या नावानं लिहिलेलं एवढं एकच पत्र आज उरलंय, स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टकडे. ते सापडलं मात्र क्विनीच्याच कागदांत, म्हणजे बहुधा पोचलंच नव्हतं! त्याच वर्षी गावातल्या धान्यसाठ्याची मोजदाद झाली. पिकं बुडाल्यानं महागाई होती, आणि यादीत शेक्सपिअरच्या नावावर १० क्वार्टर (धान्याचं जुनं इंग्रजी माप) माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, आहे. त्या गावाचं जगणं मला अशा यादीत जितकं दिसतं तितकं कुठल्याच प्रस्तावनेत दिसत नाही.

शेक्सपिअरचं मृत्युपत्र लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. तीन पानं, तिन्हींवर सह्या. बायकोला पलंग देण्याचा मजकूर दोन ओळींच्या मधे नंतर घुसवलाय. छापील प्रतीत हे कळत नाही, म्हणून स्कॅन मोठं करून बघाच. ‘शेक्सपिअर डॉक्युमेंटेड’ या संकेतस्थळावर ते विनामूल्य आहे. त्या काळचं हस्ताक्षर सुरुवातीला अजिबात लागत नाही. शेजारी लिप्यंतर उघडून एकेक ओळ लावत जा.