चवथीला गावच्या घरी येताय? चपलांचं आधीच ठरवून घ्या

परदेशातून चवथीला गोव्याच्या घरी उतरलेल्या कुटुंबात पहिली कुरबुर होते ती बहुधा चपलांवरून. मुलं बुटांसकट थेट माजघरात, आजीच्या कपाळाला आठ्या. दुसरीकडे मधुमेह असलेल्या मामांना डॉक्टरांनी घरातही सपाता घालायला सांगितलेलं असतं, पण गणपती घरात म्हणून त्या बाल्कांवातच, म्हणजे दारापुढच्या ओसरीतच, पडून. आमचं मत सरळ आहे. बाहेरची चप्पल उंबऱ्याच्या आत नको, यात तडजोड नाही. पण घरात सगळ्यांनी अनवाणीच वावरलं पाहिजे, हा हट्टही नको.

आधी बाल्कांवाची व्यवस्था लावा. भाद्रपदात पाऊस सरलेला नसतो आणि अंगणातली तांबडी माती तळव्याला चिकटूनच येते. पागोळ्यांचं पाणी पोचणार नाही अशा जागी काथ्याचं पायपुसणं, उंबऱ्याच्या आत सुती. काथ्या चिखल खरवडतो, सुती पाणी टिपतं. एकच ठेवलं तर धड एकही काम होत नाही. सुती पायपुसणी निदान चार हवीत, कारण या हवेत ती रोज बदलावी लागतात. ओलं तसंच राहिलं तर एकाच्या पायाची बुरशी घरभर फिरते. शेजारी बादली, तांब्या आणि एक भक्कम स्टूल. स्टूल बहुतेक घरांत कुणाला सुचत नाही, आणि म्हातारी माणसं एका पायावर उभं राहून दुसरा पुसताना पडतात. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली. चिखल्या बहुधा तिथूनच सुरू होतात.

चामड्याचे बूट आणूच नका, बंद कपाटात त्यांना बघता बघता बुरशी धरते. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल पुरतात. बाहेर ठेवलेलं पायताण घालण्याआधी उलटं करून आपटायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. पावसात गोम, विंचू, कधी बेडूकही आत आसऱ्याला बसतो.

जुन्या घरातली सिमेंटची गुळगुळीत जमीन काय किंवा नव्या फ्लॅटमधल्या चकचकीत लाद्या काय, पावसाळ्यात दोन्ही घामेजतात. दमट, उबदार हवा गार जमिनीला लागली की पाणी सुटतं. त्यावर ओलं फडकं मारून काही साधत नाही. पंखा लावा आणि कोरड्या फडक्याने टिपा. अशा जमिनीवर सगळ्यांत धोक्याचे मोजे. तिकडे गालिच्यावर मोजे घालून धावणारी मुलं इथे पहिल्याच वळणावर आपटतात. त्यांना खुशाल अनवाणी सोडा. नुकत्या चालू लागलेल्या बाळाला तर घरात बुटांची गरजच नसते, बोटांनी जमीन धरत धरतच ते तोल सावरायला शिकतं.

मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी घरातही अनवाणी राहू नये, मग पाहुणे काहीही म्हणोत. टाचणी रुतली, तळवा भाजला तरी कळत नाही आणि जखम चिघळल्यावर लक्षात येतं. त्यांच्यासाठी पुढून बंद, जाड तळव्याची, अंगठ्यात पट्टा नसलेली नवी कोरी जोडी घ्या आणि ती आजीसमोरच पिशवीतून काढा. या सपातांनी उंबरा कधीच ओलांडलेला नाही, हे डोळ्यांनी पाहिलं की निम्मा विरोध मावळतो. रंग घरात दुसऱ्या कुणाचा नसेल असा निवडा, नाहीतर कुणीतरी त्याच घालून अंगणात जातं. गणपतीसमोर त्या काढून खुर्चीवर बसावं. मंगेशी, म्हार्दोळ, कवळ्याच्या देवळांत जायचं तर सकाळी लवकर जा आणि जाड सुती मोज्यांना चालेल का ते विचारून घ्या. उन्हात तापलेली फरशी बधिर पायाला फोड आल्यावरच कळते. रात्री आरसा धरून दोन्ही तळवे बघायचे.

टाचदुखी मात्र धडधाकट माणसालाही गाठते. गालिचा आणि मऊ बुटांना सरावलेली टाच दिवसभर लादीवर वावरली की सकाळचं पहिलं पाऊल टाकताना कळ येते. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा सरळ. 30 सेकंद थांबा, प्रत्येक पायाने तीनदा. संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून 10 मिनिटं तळव्याखाली फिरवा. घुमट या वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरत्या लवकर आटपत नाहीत. उभं राहायच्या जागी सतरंजीची घडी घाला, पण तिच्याखाली रबरी जाळी हवीच, नाहीतर सतरंजीच सरकते.

किनाऱ्यावर मुलांना अनवाणी पळू द्यावं, पण भरतीच्या पाण्याने धुतलेल्या ओल्या वाळूत. वरच्या बाजूच्या, झाडाखालच्या वाळूत कुत्र्यांच्या विष्ठेतून आलेल्या अंकुशकृमींच्या अळ्या असू शकतात आणि त्या थेट कातडीतून शिरतात. तळव्यावर तांबडी, नागमोडी, खाजणारी रेघ उमटते आणि रोज थोडी पुढे सरकते. बऱ्याचदा ती दिसते तोवर कुटुंब परत पोचलेलं असतं आणि तिकडे कुणी गजकर्णाचं मलम देतं. डॉक्टरांना गोव्याचा किनारा आवर्जून सांगा; यावर कृमींचंच औषध लागतं. शेतात, गटाराच्या पाण्यात पाय घालायचा तर गमबूट. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार जखमेतून शिरतो. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर तेही सांगायचं.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला परतणाऱ्यांनी बुटांचे तळ निघायच्या दोन-तीन दिवस आधीच घासून घ्यावेत. या हवेत एका रात्रीत ते वाळत नाहीत. आधी माती सुकू द्या, काडीने खाचा कोरा, मग जुन्या टूथब्रशने साबण लावून धुवा. तरी माती राहिली असेल तर तिथे पोचताना भरायच्या अर्जात तसं लिहा. लपवलेली माती सापडली की दंड होतो. लिहून दिलेले बूट बहुधा तिथल्या तिथे धुऊन परत मिळतात.