उजनी बॅकवॉटरला तंबू टाकून दोन दिवस मासेमारी आणि थोडा ट्रेक करायचाय, भाग पूर्ण अनोळखी आहे. काय काय बघून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की चौघं मित्र डिसेंबरमध्ये येणार, सोलापूरकडं याआधी कुणीच आलेलं नाही, पण "मॅपवर पाण्याला अगदी लागून मोकळी सपाट जागा सापडलीये, पिन टाकून ठेवलीये". तंबू, टॉर्च, स्लीपिंग बॅग हे तुम्हाला कळतं, त्यावर मी काही लिहीत नाही. त्या पिनवर मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

उजनीला ठरलेला काठच नसतो. धरणात एकूण पाणी 117 टीएमसीच्या आसपास मावतं, त्यातलं 63 टीएमसीहून थोडं जास्त पाणी हा मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरासाठी न धरलेलं पाणी. उन्हाळ्यात आमच्याकडं टपरीवर चहा पिताना पण लोक "उजनी किती मायनस झाली" असंच विचारतात, म्हणजे मृतसाठ्यातलं पाणी वापरायला सुरुवात झालेली असते. शंभर टक्के भरलेली उजनी आणि मायनसमधली उजनी ह्या दोन वेगळ्याच जागा आहेत, सपाट भागात पाणी किलोमीटर-दीड किलोमीटर आत सरकतं. मॅपवरचा फोटो उन्हाळ्यातला असेल आणि यंदा पाऊस चांगला झाला असेल तर तुमची मोकळी सपाट जागा डिसेंबरात पाण्याखाली असणार. आणि फोटो भरलेल्या धरणाचा असेल नि पाऊस कमी झाला असेल तर तुम्ही पिनवर उभे राहाल आणि पाणी लांब कुठंतरी चमकताना दिसेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एप्रिल 2019, उजनी मायनसमध्ये, पोरांच्या परीक्षा नुकत्याच संपलेल्या. माझा मेव्हणा पुण्याहून आलेला, नवीन तंबू, रीळवाला गळ, प्लास्टिकचे रंगीत मासे, सगळं सामान घेऊन. त्यानं पण अशीच पिन टाकलेली, करमाळा तालुक्याच्या बाजूची. माझ्या आजीचं माहेर त्याच पट्ट्यातलं, जुनं गाव धरणात गेलं, त्यामुळं मी तिच्याकडून ऐकलेलं होतं की ह्या पाण्याचा भरवसा काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय धरू नये. मी म्हटलं आधी गावात जाऊ, पारावर कुणीतरी असेल, विचारू, मग खाली उतरू. तर तो म्हणाला, "दाजी, कशाला? विचारलं की पैसे मागतात, आणि दोन तास चहातच जातात." माझी बायको पण त्याच्याच बाजूनं, पोरं गाडीत उकडून वैतागलेली, आणि मी गप्प बसलो. तो गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

पिनवर पोचलो तर पाणी सव्वा किलोमीटर खाली. गाडी वरच लावली आणि सामान घेऊन चालत निघालो. उघडी पडलेली जमीन वरून वाळून भेगाळलेली असते, पाय टाकला की कडक लागते, पण पाण्याजवळ पन्नास-साठ पावलं राहिली की त्या पापडाखाली नुसती लापशी असते. मेव्हण्याचा एक बूट तिथंच गेला, गुडघ्यापर्यंत पाय रुतलेला. मध्ये हिरवा पट्टा लागला, त्याला वाटलं गवत आहे, तंबूला मऊ. ते गवत नव्हतं, कुणाचा तरी मका होता. पाणी उतरलं की ह्या जमिनीवर लोक पीक घेतात, गाळपेर म्हणतात त्याला, तिथं तंबू ठोकणं म्हणजे कुणाच्या तरी ताटात पाय देणं.

शेवटी पाण्याजवळ जरा घट्ट जागा मिळाली, शेजारून काळे पाइप पाण्यात गेलेले, त्यांच्याबरोबर केबल. तिथंच तंबू लावला. प्लास्टिकच्या माशांना रात्री नऊपर्यंत एकदा सुद्धा ओढ लागली नाही. मग मी घरून आणलेली कणीक हळद घालून मळली, साध्या गळाला हरभऱ्याएवढी गोळी लावली, तर पाऊण तासात सहा चिलापी. तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर टाकल्या. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, अनवाणी पाण्याकडं पळायचा, हात धुवायचा, परत यायचा.

साडेदहाच्या पुढं वरून बॅटरीचा झोत आला आणि माणूस ओरडायला लागला, "पाण्याकडं जाऊ नका, आहे तिथंच थांबा!" मेव्हणा मला म्हणतो, बघा आले पैसे मागायला. तो माणूस खाली आला, पन्नाशीचा असेल, एक शब्द न बोलता त्यानं बॅटरी जमिनीवर मारली. केबलला जोड होता. वर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, तीवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, सुतळीनं बांधलेलं, आणि अख्खा जोड ओल्या गाळात पडलेला. त्याच्यापासून दोन वितीवर माझ्या पोराच्या पायाची पाच बोटं उमटलेली, एकदा नाही, येतानाची आणि जातानाची.

पाणी जसं मागं जातं तसं शेतकऱ्याला मोटर पुढं पुढं सरकवावी लागते, केबल पुरत नाही, तुकडे जोडत जावे लागतात. त्यात त्या लोकांचा दोष नाही, तसं केलं नाही तर ऊस जळतो. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री. म्हणजे संध्याकाळी तुम्ही ज्या केबलवर ओले कपडे वाळत घालता ती रात्री जिवंत होते, आणि नवख्याला ते कळायला काही मार्गच नाही.

त्यानं आम्हाला सामानासकट वर त्याच्या खोपीत नेलं, पोरांना बाजेवर झोपवलं, सकाळी चहा दिला. मी दोनशे रुपये पुढं केले तर हात जोडले त्यानं, घेतले नाहीत.

आता तुमचा प्रश्न. मासे धरायचे असतील तर जेऊर किंवा पारेवाडी स्टेशनच्या बाजूनं खाली उतरा, काठावरच्या गावात भोई लोकांना आधी भेटा. मासेमारी त्यांच्या पोटाचा धंदा आहे, पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे समजा, तिथं गळ टाकू नका. गळ टाकू का असं विचारूनच टाका. मरळ पाहिजे असेल तर त्यांनाच विकत मागा, दोन दिवसांत गळाला मरळ लागेल हे डोक्यातून काढा. प्यायचं पाणी जारनं न्या, उजनीत पुण्या-पिंपरीकडचं सांडपाणी येतं, उकळून पण मी पोरांना देणार नाही. खायला ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, दोन दिवस काही होत नाही त्याला.

ट्रेक म्हणाल तर ह्या भागात सह्याद्रीसारखं चढायला नाही, सरळ सांगतो. पायाला काम पाहिजे असेल तर एक दिवस नळदुर्गला द्या, बोरी नदीवरचा पाणीमहाल आणि तटबंदी फिरायला अर्धा दिवस आरामात जातो. नाहीतर येडशीजवळ रामलिंगच्या डोंगरात जावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तंबूचा विचार करू नका. डिसेंबर-जानेवारीत भिगवणच्या बाजूला पाण्यात रोहित पक्षी येतात, पहाटे होडीतून बघण्यासारखे आहेत.

होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट मागाच, ओशाळू नका. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. डिसेंबरात तसले वळीव नसतात हे खरं, पण उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाट मोठी होते, आणि रात्री थंडी शहरापेक्षा लई जास्त लागते.

आणि एक राहिलं. मेव्हणा आजही कुठल्याही लग्नात पंगतीला बसला की सांगतो, दाजी घाबरले आणि मस्त चाललेल्या ट्रिपचा विचका केला, काही झालं तर नाही ना. मी चार माणसांत वाद घालत नाही म्हणून इथं लिहितो. त्या माणसानं सकाळी चहा पिताना सांगितलं होतं की रोज तो रात्रीचा खाली येतच नाही, स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाईट आली की मोटर आपोआप चालू. आदल्या दिवशी ऑटो बिघडला म्हणून तो हातानं चालू करायला आला, तंबू दिसला, आणि स्टार्टरच्या पेटीला हात लावायच्या आधी ओरडला. मेव्हणा तेव्हा शेजारीच बसून चहा पीत होता, त्यानं पण ऐकलंय.

म्हणून तुमच्या पिनजवळ काळे पाइप दिसले तर तंबू तिथून लांब आणि वर लावा, वर खांबाला पेटी असते तिचा मालक कोण ते गावात विचारा, त्याला जाऊन भेटा आणि सांगा की आम्ही आज इथं झोपणार आहोत, रात्री ऑटो बंद ठेवा.