रानडुकरं आणि घरफोड्या, पोलीस लांब: गावातल्या घरी बंदुकीचा परवाना काढावा का?

तुमचं गाव आडबाजूला, डुकरं भात ठेवत नाहीत, वाडीत दोन घरं फुटली आणि पोलीस यायला तास लागतो, तर परवाना काढू का असं विचारलंय. मी सिंधुदुर्गात १०८ वर डॉक्टर आहे, आठ वर्षं झाली, आणि माझ्या माहेरी आजोबांची ठासणीची बंदूक अजून आहे, त्यामुळे प्रश्न बघून राहवलं नाही.

शेतीसाठी हवी असेल तर काढा. चोरांसाठी अजिबात नको.

तीन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसात रात्री दीडला कॉल आला, माणूस दगडावर पडलाय, पायाला लागलंय. आमचा पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, त्याच भागातला, तो लगेच म्हणाला मॅडम, ह्या दिवसांत रात्री दीडला सड्यावर, त्या उघड्या कातळावर, कोण पडतो, ही शिकार आहे. पाणंदीत गाडी जाईना म्हणून स्ट्रेचर घेऊन चालत गेलो. पंचविशीचा मुलगा, मांडीला पंचा गच्च बांधलेला, चप्पल रक्ताने तळव्याला चिकटलेली. पँट कापली तर भोकंच भोकं, एक छर्रा कातडीखाली मटाराएवढा बोटाला लागत होता. सोबतच्याने झुडूप हललं म्हणून डुक्कर समजून बार टाकला होता, आणि तो साडेअकराला. म्हणजे दोन तास ती पोरं तिथे बसून काय सांगायचं ते ठरवत होती, कारण बंदूक विनापरवाना आणि पोलिसांची भीती, आणि तोवर ह्याचं रक्त जात होतं.

वर रस्त्यावर आलो तर पोलिसांची गाडी उभी. साहेब म्हणाले आधी जबाब, मग पेशंट हलवा. बीपी ८० च्या खाली होतं. सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगितलंय की आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे मला तिथे अंधारात ओरडून सांगावं लागलं, त्यात दहा मिनिटं गेली. पण त्याच गाडीतले एक हवालदार काही न बोलता आमच्यासोबत चढले, जिल्हा रुग्णालयापर्यंत सलाईनची बाटली धरून उभे राहिले, आणि त्या मुलाला एक प्रश्न विचारला नाही, नुसतं "डोळे मिटू नको रे" म्हणत होते. पुढे गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पाय वाचला. म्हणून पोलिसांना कोणी सरसकट शिव्या घातल्या की मला चालत नाही, हायवेवरच्या अपघातात बऱ्याचदा आमच्या आधी तेच पोचलेले असतात. पण लोक त्यांना भिऊन आम्हाला खोटं सांगतात हेही खरंय, आणि त्याचा हिशोब पेशंट रक्ताने देतो.

निवडणुकीत परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घेतात तेही मला पटत नाही. एकेकाचं प्रकरण बघून कमिटीने ठरवायचं असा नियम आहे, प्रत्यक्षात आमच्याकडे सगळ्यांनाच नोटीस येते. २०२४ मध्ये लोकसभेला आंबा-काजूच्या दिवसात आणि विधानसभेला नेमकी भातकापणीच्या वेळी आचारसंहिता होती. शेतकऱ्याने राखणीला काय काठी घेऊन बसायचं? मग विनापरवाना बंदुका बाहेर येतात.

चोरांचं म्हणाल तर ठासणीची भरायला वेळ लागतो, दारू, छर्रे, गज, टोपी, तोवर चोर थांबत नाही. म्हणून लोक ती ठासूनच खुंटीला टांगतात, महिनोन्‌महिने, आणि बार काढल्याशिवाय ती सहज रिकामीही होत नाही. घरातल्या माणसाला लागलेल्या दोन केसेस मी बघितल्यात, चोराला लागलेली एकही नाही.

अर्ज कलेक्टर ऑफिसला करायचा, पोलिसांचा अहवाल लागतो, सातबारा जोडा. परवाना असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. बिबट्याच्या पट्ट्यातलं मला माहीत नाही, मी फक्त आमच्या जिल्ह्याचं बोलतेय.

आमच्या घरी चार वर्षं ह्यावरून वाजतंय. मी आधी म्हणायचे बंदूक सरकारजमा कर, दादा म्हणायचा तू राखणीला येऊन बस मग. दादा, तू माझी उत्तरं वाचतोस म्हणून इथेच लिहिते, डुकरांचं तुझं बरोबर होतं, बंदूक ठेव. पण रिकामी ठेव, कपाटात कुलपात, आणि दारू-टोप्या दुसऱ्या खोलीत. आपला ओम सात वर्षांचा झालाय, गणपतीत मी बघितलं, स्टुलावर चढला की त्याचा हात त्या खुंटीला पोचतो.