वाचकांचे प्रश्न : दुसऱ्याच्या विश्वासवाढीतला आनंद

प्रश्न : गेली नऊ वर्षे मी आमच्या मंडळीत रविवारची शाळा घेते. माझ्या वर्गातली एक मुलगी आता स्वतः लहान मुलांना शिकवते, प्रार्थनासभेत धीटपणे प्रार्थना करते. तिला पाहून मन भरून येते. पण हा माझा अहंकार तर नव्हे, अशी धाकधूकही वाटते. त्याच वर्गातले दोन मुलगे दृढीकरणानंतर, म्हणजे आपला विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याच्या विधीनंतर, मंदिरात (चर्चमध्ये) येईनासे झाले. त्यांची आठवण झाली, की आनंद मानण्याचा मला अधिकारच नाही असे वाटते. मार्गदर्शन करावे.
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, त्या मुलीविषयी मनापासून आनंद करा आणि तो करताना कचरू नका. योहान बायबलमधल्या आपल्या तिसऱ्या पत्रात लिहितो, की आपली मुले सत्यात चालत आहेत हे ऐकण्यापेक्षा मोठा आनंद त्याला नाही. त्याने जो आनंद उघडपणे कळवला, तो तुम्ही लपवण्याचे कारण नाही.

अहंकाराची शंका मात्र रास्त आहे. त्याविषयी करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले अध्याय 1, वचन 24 पुन्हा वाचा. तेथे प्रेषित पौल, म्हणजे ठिकठिकाणी मंडळ्या उभ्या करणारा आरंभीचा प्रचारक, म्हणतो, की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवत नाही, तर तुमच्या आनंदाला साहाय्य करतो, कारण तुम्ही विश्वासाने उभे आहात. काही वर्षांपूर्वी मी एका तरुणाबरोबर दर आठवड्याला शास्त्रपाठ करत असे. एका रविवारी उपासना संपल्यावर तो व्हरांड्यात थांबला आणि त्याने आपले बायबल उघडले. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणे केलेली होती. मी सांगितलेला एका वचनाचा अर्थ त्याला पटला नव्हता आणि मागचा-पुढचा भाग वाचून त्याने त्याची कारणे लिहून आणली होती. क्षणभर मला ते लागले. घरी येऊन मी तो अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा त्याचेच म्हणणे बरोबर असल्याचे दिसले. त्या रात्री झालेला आनंद मला आजवर कोणाच्याही कौतुकाने झालेला नाही, कारण तो मुलगा आता माझ्या तोंडाकडे पाहायचे सोडून वचनाकडे पाहू लागला होता. तुमची विद्यार्थिनी उद्या तुमच्याहून वेगळ्या रीतीने शिकवू लागली आणि तरीही तुम्हाला बरे वाटले, तर अहंकाराची काळजी करू नका.

आता त्या दोन मुलांविषयी. थेस्सलनीका या शहरात पौलाने तीन शब्बाथ (यहुद्यांचे विश्रामवार) त्यांच्या सभास्थानात वचन मांडले. पुढे दंगल उसळली आणि तिथल्या विश्वासी बंधूंनी त्याला व त्याचा सोबती सीला याला रातोरात बिरुया या गावी पाठवले. मागे राहिलेल्या नवख्या विश्वासणाऱ्यांचे काय झाले असेल, या काळजीने तो इतका कासावीस झाला, की अथेनैत एकटे राहणे पत्करून त्याने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला त्यांच्याकडे धाडले. आपले श्रम व्यर्थ तर गेले नसतील ना, ही भीतीही त्याने पत्रात मोकळेपणाने लिहिली आहे. तीमथ्य चांगले वर्तमान घेऊन परतला तेव्हा, तुम्ही प्रभूमध्ये स्थिर असाल तर आता आमच्या जिवात जीव आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने पाठवले. ज्याने आधी इतकी काळजी वाहिली, त्यालाच असे लिहिता येते. तेव्हा तुमचा आनंद आणि तुमची तळमळ एकाच प्रेमातून आलेली आहे. एकीने दुसऱ्याचा अधिकार हिरावून घेऊ नये. लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा आणि वाढवणारा देव असेल, तर त्या मुलीची वाढ ही तुमची मिळकत नाही आणि त्या मुलांचे दूर जाणे हा तुमच्यावरचा निकाल नाही.

त्यांच्या घरी मात्र जा. मंदिरात का येत नाही, हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. कामधंद्याची, घरच्यांची विचारपूस करा, चहा घ्या आणि त्यांची हरकत नसेल तर निघताना त्यांच्यासाठी दोन वाक्यांची प्रार्थना करा. जाताना त्या मुलीलाही सोबत न्या. ती त्यांच्याच सतरंजीवर बसून शिकलेली आहे.